निरोप पोचेल, ठेवा

सुखटणकरांनी सीडी माझ्या टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचं बोट काही उचललं नाही.

“ह्यात एकच फाईल आहे, मुजावर. ती आमच्या सगळ्यांच्या समोर उघडायची. नंतर कुणी आवाज बदलला म्हणायला नको.”

सगळे म्हणजे तिघं. एक स्वतः सुखटणकर, मिरजेतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळाचे नवे प्रशासक, काही महिन्यांपूर्वीच पुण्याहून आलेले. दुसरी त्रिशला चौगुले, त्याच इस्पितळाची टेलिफोन ऑपरेटर, पस्तिशीची, ओठ घट्ट मिटून बसलेली. आणि तिसरे तिचे वडील भूपालअण्णा. डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, आणि चेहरा असा की आपण लग्नाला आलोय की बारशाला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझी खोली म्हणजे रेकॉर्डिंगचा स्टुडिओ, असं निदान पाटीवर तरी लिहिलं होतं. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या. आजोबा तंबोरे करायचे, वडील पेट्या दुरुस्त करायचे, मी भिंतींना गाद्या ठोकल्या आणि कॉम्प्युटर घेतला. भजनी मंडळं, शाळेची गॅदरिंगं, निवडणुकीत रिक्षावर लावायच्या घोषणा, जे येईल ते करायचो. गिरणी चालू झाली की माझं काम बंद, आणि गिरणी बंद असली की नेमकं भजनी मंडळ चहाला गेलेलं. असा तो धंदा.

प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जतच्या बाजूला शिवाप्पा नावाच्या एका माणसाचा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला. हाताची ऑपरेशनं करणारे सर्जन कोल्हापूरहून आठवड्यातून एकदाच मिरजेला यायचे, आणि तो नेमका त्यांचा दिवस होता. तिथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने इस्पितळात फोन केला, जीप निघालीय, सर्जनना थांबवून ठेवा. सर्जनना कुणी काही सांगितलं नाही. ते दुपारी आपल्या गाडीत बसून निघून गेले, आणि मागून जीप आली. हात मनगटापासून काढावा लागला.

कंपाउंडर शपथ घेऊन सांगत होता की मी फोन केला आणि इस्पितळातून कुणीतरी तो घेतला. त्रिशला शपथ घेऊन सांगत होती की असा फोन मी घेतलेलाच नाही. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डाला येणारे फोन टिपून ठेवणारं एक यंत्र जोडलेलं होतं, पण ते बसवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती आणि त्याची फाईल इस्पितळातल्या एकाही कॉम्प्युटरवर वाजत नव्हती. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांसमोर चौकशी होती. फायलीत त्रिशलाचा आवाज निघाला तर तिची नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

मी स्वभावाने संशयी माणूस आहे. भाजीवालीने पसाभर कोथिंबीर फुकट घातली तर मला वाटतं, मेथी शिळी असणार. तेव्हा ही मंडळी जिना चढून आली त्या क्षणापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. सुखटणकरांनी येताना पेढ्यांचा पुडा आणला होता. एवढ्याशा कामाला पेढे कशाला? शिवाय त्रिशलाच्या जागेवर त्यांना स्वतःच्या नात्यातली कुणी बसवायची आहे, अशी गावात कुजबुज होतीच. त्रिशलाचंही मला काही खरं वाटत नव्हतं. जिला कशाची भीती नाही ती समोरच्याकडे बघून बोलते. ही बाई सारखी बापाकडे बघत होती. चौकशीच्या कामाला म्हाताऱ्या बापाला घेऊन कुणी येतं का? साक्षीदार म्हणून आणला, की रडारड करायला?

आणि अण्णा. ते आल्या आल्या खिडकीशी गेले, खाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, “खाली गिरणी कुणाची?”

“कलाप्पांची,” मी म्हणालो.

ते बरं म्हणून बसले. मी कॉम्प्युटर चालू करून सीडी आत सरकवतोय तोवर पुन्हा उठले, पुन्हा खिडकीशी गेले. “खाली गिरणी कुणाची?”

मी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. इथलं बोलणं खाली ऐकू जातं का याचा अंदाज घेतोय म्हातारा, असं मला वाटलं. मी उत्तर दिलं नाही. त्रिशलाने हलकेच त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं.

फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि सीडी काढून शेजारच्या पेटीवर ठेवली. पेटी म्हणजे हार्मोनियम, आदल्या दिवशीचं भजनी मंडळ विसरून गेलेलं. नावापुढे व्हॉक्स असं शेपूट असलेली ती फाईल मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. साध्या आवाजाच्या फायलीला सुरुवातीला एक ओळखपत्र असतं. मी अमुक जातीची, माझी गती इतकी, असं ती स्वतःच सांगते आणि सॉफ्टवेअर निमूट ऐकतं. ही टेलिफोनच्या यंत्रातली फाईल तशी नव्हती. पाहुणा दारात उभा, पण नाव-गाव काही सांगत नाही, तशातली गत. सॉफ्टवेअरने उलट मलाच विचारलं, ही कुठली जात समजू आणि कुठल्या गतीने वाजवू?

पहिल्या खेपेला जे निघालं ते तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं होतं, नुसतं चर्र. सुखटणकरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी विचारलं की फाईल खराब झाली की कुणी खराब केली. ‘कुणी’ म्हणताना ते त्रिशलाकडे बघत होते. मी एकेक जात निवडत गेलो. शेवटी यादीच्या तळाला टेलिफोनची एक जुनी जात सापडली, तिच्यापुढे गती, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती तुकडे, आठ हजार अशी टाकली, कारण टेलिफोनच्या आवाजाला सहसा तीच असते, आणि वाजवलं.

खोलीत माणसं बोलायला लागली.

“हॅलो, दवाखान्यातनं बोलतोय. हाताचे डॉक्टर हायत का? एका माणसाचा हात गेलाय कुट्टीत. जीप निघालीया. त्यास्नी थांबवून ठेवा.”

आवाज कोवळा, मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा, आणि घाईघाईचा. मग पलीकडून दुसरा आवाज आला. बाईचा, स्पष्ट, चटपटीत.

“हं. पेशंटचं नाव?”

“शिवाप्पा.”

“बरं. निरोप पोचेल. ठेवा.”

मग खट्, आणि फोन ठेवल्यावर लाईनवर येतो तो टूं टूं टूं. फाईल संपली.

 सुखटणकरांनी मान वळवून त्रिशलाकडे बघितलं. मीही बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. इस्पितळात फोन केलेल्या कुणालाही ते शब्द ठाऊक होते. मी स्वतः बायकोच्या बाळंतपणात किती वेळा ऐकले होते. निरोप पोचेल, ठेवा. ही बाई प्रत्येक फोन त्याच शब्दांवर संपवायची.

“आवाज कुणाचा आहे, बाई?” सुखटणकरांनी विचारलं.

“माझा,” ती म्हणाली. “पण हे मी बोललेली नाही.”

सुखटणकर हसले. ते हसणं मला आवडलं नाही, पण तिचं उत्तरही पटलं नाही. आवाज माझा आणि बोलणं माझं नाही, हे म्हणजे पाय माझे पण चालले नाही म्हणण्यातलं. त्यांनी मला आणखी एकदा वाजवायला लावलं, समाधानाने मान हलवली आणि मोबाइलवर कुणाला तरी ही खबर द्यायला बाहेर गॅलरीत गेले. मीही पाणी आणायला आतल्या मोरीकडे वळलो. परत येतो तर पेटीवर सीडी नव्हती.

सुखटणकर आत आले आणि मी काही बोलायच्या आधी त्यांनी ते टिपलं. मग जे झालं ते सांगायलाही कसंसंच वाटतं. मी टेबलाखाली बघितलं, पेटीमागे बघितलं. सुखटणकरांनी जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि म्हणाले, पिशवी बघू. अण्णांनी पिशवी मुकाट्याने पुढे केली. तीत एक रिकामा डबा होता, आणि डब्याच्या झाकणाखाली, ताटली ठेवावी तशी, सीडी.

“हे हितं कसं आलं?” अण्णाच म्हणाले.

त्यांच्या तोंडावरचं नवल इतकं खरं वाटत होतं की माझा संशय दुणावला. एवढं बेमालूम सोंग करणारा माणूस साधा नसतो. सुखटणकरांनी सीडी रुमालात गुंडाळली. म्हणाले, आता चौकशीत हेही सांगणार, पुरावा पळवायचा प्रयत्न. मला त्यांनी बजावलं की फाईल कुठल्याही साध्या प्लेअरवर वाजेल अशी करून दुसऱ्या सीडीवर घाला, कशी उघडली ते कागदावर लिहून सही करा, तासाभरात माणूस पाठवतो. आणि पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच ठेवून ते जिना उतरून गेले.

त्रिशला उठली नाही. अण्णांना तिने बाहेरच्या खोलीत नेऊन सतरंजीवर बसवलं. पेटीही तिनेच उचलून तिकडे नेली, पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी. ते एकेक पट्टी दाबून बघायला लागले. मग ती आत येऊन माझ्यासमोर बसली.

“भाई, परत एकदा लावा.”

“कितीदा लावलं तरी तेच निघणार, ताई.”

“लावा तर खरं. तुम्ही आणि साहेबांनी मिळून काही केलं का, ते मला बघायचंय.”

आता हे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. मला राग आला. मी म्हणालो, तुमच्या देखत उघडली, माझे हात तुमच्या डोळ्यांसमोर होते. ती म्हणाली, पेढेही माझ्या डोळ्यांसमोरच आले. मी फाईल लावली. आपल्यापेक्षा संशयी माणूस भेटला की आपण सरळ होतो.

पुन्हा तो पोरसवदा कंपाउंडर, पुन्हा ते निरोप पोचेल, ठेवा, पुन्हा टूं टूं टूं. आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर अण्णांनी पेटीची एक पट्टी दाबून धरली. पांढरी एक, वरच्या सप्तकातली. दोन्ही सूर एकमेकांत जवळजवळ मिसळून गेले. माझे कान टवकारले.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या गल्लीत सूर हा चेष्टेचा विषय नाही. वडिलांच्या हातून सूर काढायचा लोखंडी काटा एकदा हरवला, तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. टेलिफोन उचलायचा आणि कानाला लावायचा. आमच्याकडच्या टेलिफोनचा सूर बारा महिने तेरा काळ तोच, पांढरी पाचहून केसभर चढा. माणसाचा गळा बसेल, तंबोऱ्याची तार उतरेल, पण एक्स्चेंजचा सूर हलत नाही. आणि फोन ठेवल्यावरचा तो टूं टूंही त्याच सुरातला असतो. तो पांढरी एकवर कसा गेला?

मी माझा फोन उचलून कानाला लावला. पाचच. मग फायलीचा शेवट पुन्हा वाजवला. एक. सा च्या जागी मध्यम, थेट चौथा सूर.

पहिल्यांदा डोक्यात आलं ते हेच, की सुखटणकरांनी आवाज बदलून आणलाय. मी त्रिशलाला तसं बोलूनही दाखवलं. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी तरारलं. “मी म्हणत नव्हते?” ती म्हणाली. पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की बदलणाऱ्याने आधी ही फाईल उघडायला हवी, आणि ती मिरजेत कुणालाच उघडता आली नव्हती. घोटाळा फायलीत नव्हता, मी टाकलेल्या गतीत होता. आठ हजार हा माझा अंदाज होता. जुन्या यंत्रांत जागा कमी, म्हणून काही जण आवाज सहा हजाराने टिपून ठेवत. तो आठ हजाराने पळवला की सगळंच भरभर आणि चढ्या सुरात येणार, जसं टेपरेकॉर्डर जोरात फिरवल्यावर येतं. म्हणून तो कंपाउंडर पोरासारखा वाटत होता.

हे मी तिला सांगितलं. “मग खरा आवाज कुणाचा?” ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. कितीतरी दिवसांनी ती मोकळा श्वास घेत असावी असं वाटलं. मलाही चेव चढला होता. आता खरा चोर सापडणार होता, आणि तो माझ्यामुळे सापडणार होता.

मी आठ पुसून सहा केलं आणि वाजवलं.

कंपाउंडर आता चाळिशीतला बाप्या होता. घाई होती, पण मोठ्या माणसाची घाई. मग पलीकडून उत्तर आलं. बाईचं नव्हे. सावकाश, जड, जरासं घोगरं.

“हं. पेशंटचं नाव?… बरं. निरोप पोचेल. ठेवा.”

शेवटचा टूं टूं पांढरी पाचवर येऊन बसला, केसभर चढा, अगदी माझ्या फोनसारखा. मी मांडीवर थाप मारली. “सापडला. कोण हा? तुमच्याकडे बोर्डावर दुसरा माणूस कोण असतो?”

त्रिशला हलली नाही. ती स्पीकरकडे बघत नव्हती. ती मधल्या उघड्या दाराकडे बघत होती.

“कोण गं ह्यो माणूस?” बाहेरून अण्णांनी विचारलं.

सावकाश, जड, जरासं घोगरं. आत्ताच स्पीकरमधून निघालेला आवाज दाराबाहेरून मला विचारत होता, हा माणूस कोण. माझा हात मांडीवरच राहिला.

“चांगला बोलतोय,” अण्णा तिकडून म्हणाले. “गडबड न्हाई, घाई न्हाई. बोर्डावर असंच बोलाय पायजे. समोरच्याला धीर येतो. तुला किती येळा सांगितलं, त्रिशला, शिक जरा.”

“व्हय, अण्णा,” ती म्हणाली. मग उठली आणि मधलं दार लावून घेतलं.

त्यानंतर तिने जे सांगितलं ते भिंतीकडे बघत सांगितलं. अण्णा तीस वर्षं त्याच बोर्डावर होते. ते निवृत्त झाले तेव्हा ट्रस्टने ती खुर्ची तिला दिली. बोर्डावर दुसरं माणूस कधी नव्हतंच. रोज दुपारी अण्णा घरून तिचा डबा घेऊन यायचे, आणि ती मागच्या खोलीत दोन घास खाईपर्यंत तिच्या खुर्चीवर बसायचे. डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तीस वर्षांत अण्णांच्या हातून एक निरोप चुकला नव्हता. सुखटणकरांना तेवढं ठाऊक नव्हतं, आणि त्यांना सांगायला कुणी गेलं नव्हतं. त्या दुपारीही ती जेवून आली, विचारलं, अण्णा, कुणाचा फोन? अण्णा म्हणाले, न्हाई बाई, एकबी न्हाई.

“ते खोटं बोलत नव्हते,” ती म्हणाली. “आवाज माझ्यासारखा निघाला तेव्हा मला वाटलं, मीच विसरले असणार. माझंच डोकं फिरलंय. अण्णांचं नाव मनात आलंच नाही, भाई. सकाळी चहा प्यालेलं विसरतात, गल्ली चुकतात, म्हणून तर बरोबर घेऊन फिरते. पण बोर्डावर बसले की पहिल्यासारखे असतात, असं मला वाटायचं.”

माझ्या डोळ्यांसमोर तो डबा आला, झाकणाखालची ती सीडी, आणि ‘हे हितं कसं आलं’ म्हणणारा तो चेहरा. सोंग म्हणालो होतो मी त्याला. सकाळपासून मी तिघांवर संशय घेत होतो, आणि जे समोर बसलं होतं ते काही मला दिसलं नव्हतं.

तिने पदराने चेहरा पुसला. पुढे बोलली तेव्हा ती ऑपरेटरच्या आवाजात बोलली, सरळ, कामाचं.

“पहिलीच द्या.”

“म्हणजे?”

“माझ्या आवाजाची आहे ती. ती सीडीवर घाला.”

मी तिला समजावून बघितलं. म्हणालो, नोकरी जाईल. ती म्हणाली, बाहेरच्या माणसाला बोर्डावर बसवलं म्हणूनही जाईलच, दोन्हीकडून मीच जाते. म्हणालो, विश्वस्तांमध्ये जुनी माणसं आहेत, अण्णांना ओळखतात, समजून घेतील. ती म्हणाली, समजून घेतील आणि अण्णांना समोर बोलावून विचारतील. आजवर त्यांना रोज एवढंच सांगतात लोक, की भूपालअण्णांसारखा ऑपरेटर झाला नाही. बाकी सगळं विसरले, तेवढं अजून धरून आहेत.

“पण हे खोटं आहे, ताई.”

“माणसाचा हात गेला,” ती म्हणाली. “कुणीतरी जबाबदार पायजे त्याला. खुर्ची माझी होती आणि मी उठले होते. ह्यात खोटं काय?”

 मी पहिलीच सीडीवर घातली. कागदावर लिहिलं की सदर फाईल टेलिफोन यंत्राच्या अमुक जातीची असून ती दर सेकंदाला आठ हजार या गतीने उघडली. खाली सही केली, दस्तगीर मुजावर. कागदातला शब्दन्‌शब्द खरा होता. ज्याला विचारायचं त्याने विचारावं की आठच का, सहा का नाही. सुखटणकरांना माझ्या पेढे न खाण्याचाही संशय आला असता, पण त्या आकड्याचा काही आला नाही. तो कुणालाच आला नाही.

जाताना अण्णांनी पेटी नीट बंद केली, भाता दाबून, कडी लावून. जिन्यापाशी थबकले. “खाली गिरणी कुणाची?”

“कलाप्पांची, अण्णा,” मी म्हणालो. “दळण बारीक देतात.”

“बरं केलं सांगितलं,” ते म्हणाले.

त्रिशलाची नोकरी महिनाअखेरीस गेली. तिने स्टेशन रोडला एसटीडीचा बूथ टाकला. मी कधी त्या बाजूला गेलो की अण्णा स्टुलावर बसलेले दिसायचे. आत फोनवर ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला काचेवर टिचकी मारून सांगायचे, हळू बोला, ऐकू जातं. पुढे घरोघर मोबाइल आले आणि बूथ बुडाला. ते दोघं कुठे गेले ते मला कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी ती एकटीच जिना चढून आली. केस पिकले होते. पिशवी तीच होती की तसलीच दुसरी, ठाऊक नाही. अण्णा गेल्याला दोन महिने झाल्याचं तिने सांगितलं. शेवटी शेवटी बोलणंच थांबलं होतं. घरात फोटो पुष्कळ आहेत म्हणाली, पण आवाज कुठेच नाही. तीस वर्षं गावाशी बोललेला माणूस, आणि आवाज कुठेच नाही.

“ती फाईल अजून असेल का हो, भाई?”

संशयी माणूस काही टाकून देत नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा मी ती नव्यावर उतरवली होती, आणि तो गेला तेव्हा आणखी नव्यावर.

“पहिली हवी की दुसरी?” मी विचारलं.

“दुसरी.”

मी तिला हेडफोन दिला, सहा टाकलं आणि वाजवलं. मला काही ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावरची रेघ कुठे आली ते दिसत होतं. कंपाउंडर बोलून झाला. नाव विचारून झालं. तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि डोळे मिटले.

“ठेवते, अण्णा,” ती म्हणाली.